गणपतीला गावी जाताना समुद्राची टाकी कुणाच्या भरवशावर?

स.न.वि.वि.
मी पुण्यात राहतो, गाव मालवणजवळ. तीन वर्षांपूर्वी हौसेने 200 लिटरची खाऱ्या पाण्याची रीफ टाकी लावली. दोन क्लाऊनफिश, एक निळा टँग, तीन क्रोमिस आणि एक क्लीनर कोळंबी. कोरलमध्ये मशरूम, झोआ आणि एक मोठं लेदर. आता सगळे रविवार टाकीतच जातात. आठ प्रकारच्या टेस्ट करतो, तीन बाटल्यांतून रोज थेंब घालतो, तरी दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ आहेच. मध्यंतरी लेदर दोन आठवडे मिटून बसलं, तेव्हा घाबरून आणखी दोन औषधं घातली. मागच्या गणपतीला दहा दिवस गावी गेलो. माशांचं खाणं शेजाऱ्यांवर सोपवलं होतं. परत आलो तर पाणी गढूळ, एक क्रोमिस आणि कोळंबी मेलेली. दुकानदार म्हणतात, कंट्रोलर आणि डोझिंग पंप घ्या, मग कडक कोरलही आणून देतो. भाऊ म्हणतो, मालवणचं पाणी आणि दगड ने, फुकटचं आहे. बायको म्हणते, विकून टाक. काय करू?
— एक वाचक, पुणे

नमस्कार,

विकू नका. मशीनही घेऊ नका, निदान ही मशीन नकोत. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या टाकीत जे जीव आहेत त्यांना तुम्ही करताय त्यातल्या निम्म्या गोष्टींची गरजच नाही, आणि ज्या दोन गोष्टींची खरी गरज आहे त्यांचा पत्रात उल्लेखही नाही. आठ टेस्ट करता असं लिहिलंय. पण पाण्याची क्षारता, म्हणजे खारटपणा, कितीवर असतो? आणि उडालेल्या पाण्याच्या जागी कुठलं पाणी घालता? टाकी वर्षानुवर्षं टिकेल की नाही हे बरंचसं या दोन उत्तरांवर ठरतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. दगड-वाळू वजा जाता तुमच्याकडे 180 लिटर पाणी असेल असं धरू. पावसाळी हवेत रोज दीड लिटर उडालं तरी दहा दिवसांत 15 लिटर होतात. निघताना क्षारता हजारी 35 असेल, तर परत येईपर्यंत ती 38 च्या पुढे जाते. मासे हे कसंबसं सोसतात, कोळंबीला सोसत नाही. शेजाऱ्यांनी प्रेमाने भरपूर खायला घातलं असणार. ते कुजलं, त्यातून अमोनिया झाला, आणि त्याच दिवसांत पाणीही खारट होत गेलं. कोळंबी आणि क्रोमिस या दोन्ही गोष्टींनी मिळून गेले असावेत असं मला वाटतं. शेजाऱ्यांना दोष देऊ नका. त्यांच्या हातात खाण्याचा डबा देऊन आपणच निघून गेलो होतो.

म्हणून एकच यंत्र घ्या, ऑटो टॉप-ऑफ. सम्पमधली, म्हणजे टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतली, पातळी खाली गेली की शेजारच्या कॅनमधून तो गोडं पाणी ओढून भरतो. पातळी ओळखणारे दोन सेन्सर असलेला घ्या, म्हणजे एक अडकला तर दुसरा पंप बंद करतो. कॅन मात्र 20 लिटरचा ठेवा, मोठा पिंप नको. दोन्ही सेन्सर बिघडून सगळं पाणी एकदम टाकीत गेलं तरी क्षारता साधारण साडेएकतीसपर्यंत उतरेल. त्याचा त्रास होईल, पण टाकी वाचेल. हेच 60 लिटरच्या पिंपाने झालं तर काही उरणार नाही. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी आहे का, तेही आधी पाहून घ्या, नाहीतर पाणी खालच्या मजल्यावर पोहोचेल.

कॅनमधलं पाणी आरओचंच हवं, आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार ओढून घेणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा असेल तर उत्तम. इथे आपल्याकडे एक फसगत नेहमी होते. स्वयंपाकघरातल्या आरओला टीडीएस कंट्रोलर असतो. चव यावी म्हणून तो गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी मिसळतो. काही मशीनमध्ये पुन्हा खनिजं घालणारी कार्ट्रिजही असते. पिण्याला हे ठीक आहे. पण टाकीत रोज दीड लिटर असं पाणी ओतलं की त्यातले फॉस्फेट, सिलिकेट आणि बाकी सगळे क्षार मागे साचत जातात. तीन वर्षांत ते किती झाले असतील याचा हिशेब करा. साधा टीडीएस मीटर घेऊन घरचं पाणी तपासा. तो 0 च्या आसपास दाखवत नसेल, तर तुमच्या शेवाळाचं मोठं कारण तिथेच आहे. टँकरचं किंवा बोअरचं पाणी घरात येत असेल तर हे अधिकच महत्त्वाचं.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरा. तो 35 च्या प्रमाणित द्रावणाने महिन्यातून एकदा जुळवून घ्या. नुसत्या आरओच्या पाण्याने शून्य लावलं तर 35 जवळ तो चूक दाखवू शकतो.

आता शेवाळ. तुमच्या टेस्टमध्ये नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य येत असेल आणि तरीही दगड हिरवे असतील, तर टेस्ट खोटी नाही. पाण्यात आलेलं सगळं शेवाळच खाऊन टाकतं, त्यामुळे पाण्यात काही सापडत नाही. यावर बाटलीतून उपाय शोधू नका. फॉस्फेट ओढून घेणारी माध्यमं वापरून पाणी अगदी निःसत्त्व केलं, की शेवाळ जाऊन त्याजागी डायनो येतात. तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणारा तो थर घालवणं शेवाळापेक्षा कितीतरी अवघड असतं. तुमच्यासारख्या टाकीत नायट्रेट 5 ते 15 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 च्या दरम्यान असलं की मशरूम आणि लेदर सुखात राहतात. त्यांना थोडं 'घाण' पाणी आवडतं, असं या छंदातले जुने लोक म्हणतात ते बरोबरच आहे.

शेवाळ हातानेच काढायचं. पाणी बदलण्याच्या दिवशी जुना टूथब्रश घ्या, एका हाताने घासा, दुसऱ्या हाताने नळी तिथेच धरून ओढून घ्या. एका वेळी एकच दगड. चार-पाच ट्रोकस गोगलगायी आणा. त्या उलट्या पडल्या तरी स्वतः सरळ होतात, म्हणून टर्बोपेक्षा त्या मला जास्त पसंत आहेत. आणि खाणं कमी करा. दर पंधरा दिवसांनी 10 टक्के पाणी बदललं तर साचलेल्या नायट्रेटपैकीही 10 टक्केच बाहेर जातो. त्याच पंधरा दिवसांत त्याहून जास्त आत पडत असेल, तर बादल्या वाहून खांदे दुखतील, आकडा हलणार नाही.

खाण्याचा विषय आला म्हणून टँगबद्दल स्पष्टच सांगतो. निळा टँग मोठा झाला की 30 सेंटीमीटरपर्यंत जातो आणि दिवसभर पोहत चरतो. 200 लिटरमध्ये तो सुखी नाही. त्याची विष्ठा, त्याचं खाणं आणि ताण आला की त्याच्या अंगावर उठणारे पांढरे ठिपके, हे सगळं तुमच्या रविवारांच्या हिशेबात येतं. सहा फुटी टाकी असलेला कुणी शोधा आणि त्याला द्या. समुद्रात मात्र कधीही सोडू नका. उरलेल्या क्रोमिसांचं बहुधा असं होईल की ते आपसात भांडतील आणि एकच राहील, त्यामुळे नवे आणून संख्या भरून काढू नका. क्लाऊनची जोडी आणि पुढे कधीतरी एखादा गोबी, एवढेच मासे या टाकीला पुरेत. क्लाऊनफिश नीट ठेवला तर वीस वर्षंही जगतो. तुमची मुलं शिकून बाहेर पडतील तेव्हाही तो याच टाकीत असू शकेल, आणि मला हीच या छंदातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

कडक कोरलचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. पहिलं कारण कायद्याचं. 2001 मध्ये सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. वाघ आहे तीच ही अनुसूची. दुकानदार 'आणून देतो' म्हणतात तेव्हा ते कुठून येणार हे विचारा, आणि विचारूनही घेऊ नका. समुद्रघोडा, समुद्री काकडी आणि समुद्रपंखा यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. असं काही समोर आलं तर तिथेही हात आवरा.

दुसरं कारण तुमच्या रविवारांचं. कडक कोरल रोज पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून आपला सांगाडा बांधतं. त्यामुळे ते रोज भरून द्यावं लागतं, रोज मोजावं लागतं, त्यासाठी डोझिंग पंप लागतो, आणि पंप चुकला तर सगळं एका रात्रीत पांढरं पडतं. मऊ कोरलला, म्हणजे तुमच्याकडच्या मशरूम, झोआ, लेदरला, असा सांगाडा नसतो, फार तर मांसात विखुरलेले बारीक कण असतात. त्यांना जे लागतं ते पाणी बदलताना नव्या मिठातून मिळतं. तुमच्या त्या तीन बाटल्या आजपासून कपाटात ठेवा. महिन्यातून दोनदा केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, तपासा. तो 8-9 च्या आसपास असेल तर बाकीच्या टेस्ट वर्षाकाठी एकदा केल्या तरी चालतील.

'नुसतं मऊ कोरल म्हणजे नवशिक्यांची टाकी' असं दुकानात म्हणतात. ते मनावर घेऊ नका. दहा वर्षांचं पूर्ण उमललेलं लेदर, ताटाएवढं, प्रवाहात डोलताना पाहिलंत तर असं म्हणणार नाही. आणि ते मिटलं म्हणून पुन्हा घाबरू नका. लेदर अधूनमधून मिटतं, वर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो, आठवडा-दोन आठवडे ते मरगळल्यासारखं दिसतं. मग पापुद्रा सुटतो आणि ते पहिल्यापेक्षा टवटवीत उघडतं. अंगावर बसलेलं शेवाळ आणि कचरा फेकून देण्याची ती त्याची रीत आहे. अशा वेळी वेव्हमेकरचा, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाचा, प्रवाह थोडा त्याच्या दिशेने वळवा आणि थांबा. औषध नको.

मऊ कोरल एकमेकांशी रसायनांनी लढतात, हे मात्र खरं. त्यासाठी सम्पमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची एक लहान पिशवी ठेवा आणि महिन्याला बदला. हिरवं स्टार पॉलिप किंवा झेनिया कधी आणलंत तर ते मुख्य दगडाला टेकू न देता वाळूवर वेगळ्या दगडावर ठेवा. एकदा पसरलं की दुसरं काही वाढू देत नाही.

भावाला काय सांगायचं? त्याची कल्पना वेडेपणाची नाही. 1961 साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत जगापुढे मांडली होती. समुद्राचं ताजं पाणी, जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर ते कोरल जगवत. आज आपण ज्याला लाइव्ह रॉक म्हणतो त्याची कल्पना तिथून आली. काम दगडांतले जीवाणू करतात, माणूस नाही, हे त्यांच्या टाक्यांनी दाखवलं. पण त्यांना स्वच्छ समुद्र हाताशी होता. तुम्ही पाणी आणणार भाद्रपदात, म्हणजे नद्या, ओढे आणि खाड्या तीन महिने गढूळ पाणी समुद्रात ओतत असतात तेव्हा. किनाऱ्यालगतची क्षारता या दिवसांत पडलेली असते, आणि शेतातलं, गटारातलं काय काय वाहून आलेलं असतं. ते पाणी कॅनमध्ये बंद करून घाट चढून पुण्याला आणेपर्यंत त्यातले सूक्ष्मजीव मरू लागतात. फुकटचं पाणी महागात पडेल.

दगड तर मुळीच नको. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथे खडकांवर जिवंत प्रवाळ आहे. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा उचलणंही गुन्हा आहे. तुम्ही त्या गावचे आहात. पाऊस सरल्यावर कधी गेलात, तर मुलांना घेऊन स्नॉर्केलिंगला उतरा आणि तुमच्या काचेच्या पेटीत ज्याची नक्कल चालली आहे ते त्यांना तिथे दाखवा.

वीज. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते आणि कधी ती दुपारपर्यंत येत नाही. मासे थंडीने किंवा अंधाराने मरत नाहीत, पाणी हललं नाही की प्राणवायू संपून मरतात. घरी इन्व्हर्टर असेल तर टाकीतला एकच वेव्हमेकर त्यावर जोडा. तो 10 वॅटच्या आसपास खातो, तर छताचा साधा पंखा 70-75 वॅट. म्हणजे बॅटरीवर त्याचा भार नगण्य. इन्व्हर्टर नसेल तर लाइट गेल्याबरोबर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप घ्या. स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र), दिवे, हीटर बंद राहिले तर काही तास काही बिघडत नाही.

उन्हाळ्यात पाण्यावर झोत येईल असा एक लहान पंखा लावा. पुण्याच्या कोरड्या हवेत तो पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतो, मुंबईच्या दमट हवेत एवढं जमत नाही. त्या दिवसांत पाणी मात्र दुप्पट उडेल, कॅनकडे लक्ष ठेवा. हिवाळ्यात एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान ठेवा. माझ्याकडे एका डिसेंबरात हीटरचा थर्मोस्टॅट चालू स्थितीतच अडकला. सकाळी पाणी 33 अंशांवर होतं आणि सहा वर्षांचं लेदर गेलं. लहान हीटर अडकला तर तो एकटा एवढं पाणी तापवू शकत नाही. त्या दिवसापासून मी हेच करतो.

तर रविवार कसे मोकळे होतील? रोज पाच मिनिटं: मासे मोजा, तापमान पाहा, चिमूटभर खाणं घाला. आठवड्यातून एकदा काच पुसा आणि स्किमरच्या गळ्यातला चिखल धुवा. तो गळा मळला की स्किमर नुसता आवाज करतो, काम करत नाही. सम्पमध्ये फिल्टर सॉक असेल तर तो काढूनच टाका. तीन-चार दिवसांनी धुणं होत नसेल तर तो कचरा कुजवण्याची पिशवी होतो. पंधरा दिवसांनी 20 लिटर पाणी बदला. त्याला साधारण पाऊण किलो मीठ लागतं, कंपनीप्रमाणे थोडं कमी-जास्त. मीठ आदल्या रात्री बादलीत लहान पंप लावून विरघळू द्या. त्याच वेळी वाळूचा फक्त एक चतुर्थांश भाग नळीने उपसा, पुढच्या वेळी पुढचा. सम्पच्या तळाशी साचलेला गाळ दोन-तीन महिन्यांनी काढा. जुन्या टाक्या ढासळतात त्या बहुतेक या गाळाने. सात-आठ वर्षं सगळं छान चाललेलं असतं, आणि तोवर दगडांनी आणि वाळूने फॉस्फेट पिऊन घेतलेलं असतं. मग माणूस म्हणतो अचानक बिघडलं. दिवे आठ तास, टायमरवर.

आता गणपती. निघण्याच्या तीन आठवडे आधीपासून टाकीत काहीही नवं करू नका: नवा मासा नाही, नवा पंप नाही, नवं मीठही नाही. जे बिघडायचं ते तुम्ही घरात असताना बिघडू दे. ऑटो टॉप-ऑफ तोवर किमान महिनाभर चाललेला असावा. चार-पाच दिवस आधी पाणी बदला, आदल्या दिवशी स्किमर धुवा आणि त्याची पातळी जरा खाली करा, म्हणजे कप भरून वाहणार नाही. खाण्याच्या चारच पुड्या बांधा, त्यावर तारीख घाला आणि डबा स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावा. दहा दिवसांत चार वेळा खाल्लं तर तुमचे मासे मुळीच उपाशी राहणार नाहीत, ते दगडांवरही टिपत असतात. शेजाऱ्यांना तीनच कामं सांगा: पुडी घाला, कॅनमध्ये खुणेपर्यंत पाणी आहे का बघा, पाणी हलतंय का बघा. जास्तीचं आरओ पाणी दोन कॅनमध्ये भरून, वर 'फक्त हेच' असं लिहून ठेवा. रोज संध्याकाळी टाकीचा एक फोटो पाठवायला सांगा. लेदर उघडं दिसलं आणि दोन्ही क्लाऊन दिसले की तुम्ही निश्चिंत आरतीला उभे राहा.

वहिनींना हे पत्र वाचायला द्या, आणि तीन महिन्यांची मुदत मागून घ्या. टँग गेला, बाटल्या कपाटात गेल्या, टॉप-ऑफ लागला, एवढं झाल्यावरही रविवारचा तासापेक्षा जास्त वेळ जात असेल तर मला पुन्हा लिहा.

ता. क. तुमच्याकडे झोआ आहेत म्हणून हे मुद्दाम. झोआ आणि पॅलिथोआ यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. ते असलेला दगड घासताना, तोडताना हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. हाताला चीर असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नका. शेवाळ मारायला असा दगड कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याखाली घासू नका. ती वाफ श्वासात गेल्याने घरंच्या घरं दवाखान्यात दाखल झाली आहेत. टूथब्रशने साफ करायचा दगड झोआंचा असेल, तर तो पाण्याबाहेर न काढता पाण्याखालीच, हलक्या हाताने घासा, आणि तो ब्रश मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.